प्रवेशानंतरची वर्षे

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो त्या बाई आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवत राहिल्या. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या क्षेत्रात स्त्रियांना, आणि जातीमुळे दूर ठेवल्या गेलेल्या माणसांना, काय अनुभव आले याविषयी बोलणे मला उचित वाटते. या विषयावर बोलताना आपण बहुधा ‘पहिली’ शोधतो. पहिली पदवीधर, पहिली अभियंता, पहिली संचालक. तिचा फोटो लावतो, हार घालतो आणि प्रश्न सुटला असे मानतो. आज मला त्या पहिल्या पावलापेक्षा पुढच्या तीस-चाळीस वर्षांविषयी बोलायचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: संस्थेत प्रवेश मिळणे आणि संस्थेत बरोबरीचे स्थान मिळणे या दोन वेगळ्या लढाया आहेत. पहिली लढाई आपण बऱ्याच अंशी जिंकलो. दुसरी अजून चालू आहे, आणि ती एकट्यादुकट्याच्या जिद्दीवर सोडून देणे हा अन्याय आहे.

सुरुवात आपल्या माणसापासून करतो. कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी. दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ आणि दोघेही बंगळूरच्या टाटांच्या विज्ञानसंस्थेत, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले. १९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिल्या आल्या. त्याच संस्थेत संशोधन करायचे हे घरात जणू ठरलेलेच होते. अर्ज केला आणि नकार आला. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन, आणि नकाराचे कारण एकच होते: अर्जदार स्त्री आहे.

कमलाबाई गप्प बसल्या नाहीत. गांधीजींच्या विचारांचा प्रभाव असलेली ती पिढी. त्या बंगळूरला गेल्या, गुणवत्तेत काय कमी पडले ते विचारले आणि वेळ आली तर सत्याग्रह करण्याची तयारी दाखवली. अखेर प्रवेश मिळाला, पण अटी घालून. पहिले वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी नसतील. वर्षभर काम पाहून संचालकांचे समाधान झाले तरच प्रवेश कायम होईल. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही काम करावे लागेल. आणि प्रयोगशाळेतल्या पुरुषांचे लक्ष त्यांच्यामुळे विचलित होता कामा नये.

या शेवटच्या अटीवर क्षणभर थांबू या. बाविशीच्या एका संशोधक मुलीवर दोन कामांची जबाबदारी टाकली गेली. एक, स्वतःचे संशोधन. दुसरे, शेजारच्या पुरुषांच्या मनःशांतीची काळजी. शेजारच्या पुरुषांवर मात्र एकच जबाबदारी होती. आज अशा अटी कोणी कागदावर लिहीत नाही. पण प्रयोगशाळेत, कारखान्यात किंवा साइटवर काम केलेली कोणतीही स्त्री तुम्हाला सांगेल की हे दुसरे काम अजून तिच्याच माथी आहे. आवाज किती चढवायचा, रात्री कोणाबरोबर परतायचे, चेष्टा कुठवर हसून सोडायची, याचा हिशेब तिलाच ठेवावा लागतो.

कमलाबाईंनी श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम केले, १९३६ साली एम.एस्सी. पूर्ण केली, आणि त्यानंतर त्या संस्थेची दारे मुलींना उघडली. पुढे केंब्रिजमध्ये रॉबिन हिल यांच्या सोबतीने काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते हे त्यांनी दाखवले. श्वसनाच्या क्रियेतला हा महत्त्वाचा दुवा प्रत्येक वनस्पतिपेशीत असतो, हा शोध मूलभूत स्वरूपाचा होता. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. प्रबंध होता अवघा चाळीस पानांचा.

आपल्या पाठ्यपुस्तकांतली गोष्ट इथे संपते. खरे तर ती इथे सुरू होते. त्या भारतात परतल्या, दिल्लीच्या लेडी हार्डिंज महाविद्यालयात आणि मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत काम केले. १९४७ साली लग्न झाल्यावर मुंबईला आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन त्यांनी डाळी, भाताची पेज आणि नीरा यांचा अभ्यास केला. नीरा हे गोरगरिबांना सहज मिळणारे पेय. त्यातल्या जीवनसत्त्वांचा आणि लोहाचा कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर स्त्रियांना कसा उपयोग होतो हे त्यांनी दाखवले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आणि तरीही ज्या संस्थेत हे सारे घडले तिच्या संचालकपदावर त्यांचा हक्क असताना ते पद त्यांना चार वर्षे उशिरा मिळाले. केंब्रिजची पदवी, राष्ट्रपती पुरस्कार, विद्यार्थ्यांची फळी, सगळे हाताशी असून उशीर झालाच. १९३३ च्या नकाराला एक चेहरा होता, त्याच्याशी भांडता आले. या दुसऱ्या उशिराला चेहरा नव्हता. फाइल फिरत राहिली, बैठका होत राहिल्या. अशा उशिरासमोर सत्याग्रह कुठे करायचा?

आता दुसरे उदाहरण, पुण्याशी जोडलेले. अॅना मणी १९१८ साली त्रावणकोरमधल्या पीरमेड इथे जन्मल्या. १९४० साली त्या रामन यांच्या प्रयोगशाळेत आल्या आणि हिरे व माणकांच्या प्रकाशीय गुणधर्मांवर काम करू लागल्या. एकेका छायाचित्राला पंधरा-वीस तास प्रकाश द्यावा लागे, म्हणून रात्री प्रयोगशाळेतच काढाव्या लागत. १९४२ ते १९४५ या काळात त्यांनी पाच शोधनिबंध एकटीच्या नावावर प्रसिद्ध केले. प्रबंध तयार झाला, मद्रास विद्यापीठाकडे गेला, आणि एम.एस्सी. नाही या कारणावरून विद्यापीठाने पीएच.डी. नाकारली. त्या पदवीशिवायच त्यांनी पुढची कारकीर्द केली.

रामन यांच्या प्रयोगशाळेतल्या स्त्रियांचा अभ्यास आभा सूर यांनी ‘डिस्पर्स्ड रेडियन्स’ या पुस्तकात केला आहे. त्यात अॅना मणींची एक आठवण आहे. उपकरण हाताळताना एखाद्या मुलीची बारीकशी चूक झाली की ती लगेच बायकांच्या नालायकीचा पुरावा ठरे. पुरुषाची चूक त्याची एकट्याची असते आणि स्त्रीची चूक साऱ्या स्त्रीजातीची होते. आपल्या विद्यापीठांत राखीव जागेवर आलेल्या विद्यार्थ्याला हाच अनुभव येतो. तो नापास झाला तर त्याचा समाज नापास होतो. तो पहिला आला तर तो ‘अपवाद’ ठरतो. अशा वातावरणात प्रश्न विचारायला, वेगळा प्रयोग करून पाहायला, चुकायला माणूस घाबरतो. आणि चुकण्याची मुभा नसेल तर संशोधन होत नाही.

अॅना मणी १९४८ साली पुण्याच्या वेधशाळेत आल्या. तोवर आपल्या हवामान खात्याची बहुतेक उपकरणे परदेशातून येत. अॅनाबाईंनी सुमारे शंभर उपकरणांची रेखाटने प्रमाणित केली आणि ती इथे बनू लागली. १९५३ साली उपकरण विभागाच्या प्रमुख झाल्या तेव्हा त्यांच्या हाताखाली शंभरावर पुरुष काम करत होते. आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने, १९५७-५८ साली, त्यांनी देशभर सौर प्रारण मोजणारी केंद्रे उभारली; ओझोन मोजण्याचे उपकरण घडवले; पुढे वाऱ्याचा वेग मोजण्याचे काम हाती घेतले. आज महाराष्ट्रात डोंगरमाथ्यांवर पवनचक्क्या फिरताना दिसतात आणि घराघरांवर सौर पत्रे बसतात. ऊन आणि वारा किती, कुठे आणि केव्हा, याच्या पद्धतशीर मोजणीचा पाया देशात कोणी घातला हे सांगताना त्यांचे नाव घ्यायलाच हवे.

मित्रहो, आतापर्यंत मी ज्या दोन स्त्रियांविषयी बोललो त्यांच्या घरात शिक्षण होते. घरात पुस्तके होती, प्रयोगशाळा म्हणजे काय हे माहीत असलेली माणसे होती. ज्यांच्या घरात यातले काहीच नव्हते त्यांच्याविषयी बोललो नाही तर हे व्याख्यान अर्धवट राहील.

मेघनाद साहा १८९३ साली ढाक्याजवळच्या शेवडातली गावात एका किराणा दुकानदाराच्या घरी जन्मले. जात खालची मानली गेलेली. शिष्यवृत्त्यांवर शिकत ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात पोचले. ईडन हिंदू वसतिगृहात मात्र सवर्ण मुलांनी त्यांच्या पंगतीला बसायला नकार दिला. वर्गात शेजारी सत्येंद्रनाथ बोस, शिकवायला जगदीशचंद्र बसू आणि प्रफुल्लचंद्र रे, आणि जेवणाचे ताट वेगळे! १९२० साली याच साहांनी ताऱ्यांच्या वर्णपटावरून त्यांचे तापमान समजावून देणारे आयनीभवनाचे समीकरण मांडले. ताऱ्यांचा अभ्यास त्या समीकरणावाचून आजही पुढे सरकत नाही.

जानकी अम्मल यांच्या वाट्याला स्त्री म्हणून आणि जातीमुळे, असे दोन्ही भेदभाव आले. तेल्लिचेरीच्या तिय्या समाजातल्या या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी १९३१ साली मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात त्यांनी उसाच्या संकरावर मोलाचे काम केले. पण अविवाहित स्त्री आणि तीही मागास मानलेल्या जातीतली, म्हणून तिथल्या सहकाऱ्यांमध्ये त्यांना बरोबरीचे स्थान मिळाले नाही. १९४० च्या सुमारास त्या इंग्लंडला गेल्या. तिथे सी. डी. डार्लिंग्टन यांच्याबरोबर त्यांनी लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश लिहिला, तो १९४५ साली प्रसिद्ध झाला. देशाला त्यांची गरज आहे हे नेहरूंना उमगले आणि १९५१ साली त्यांना परत बोलावले गेले. मधली दहा वर्षे आपल्या शेतीने गमावली.

महाराष्ट्रात हा प्रश्न कोणाला सर्वांत आधी कळला असेल तर बाबासाहेबांना. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू करताना त्यांनी कलाशाखेबरोबर विज्ञानशाखाही घेतली. प्रयोगशाळा महाग असते, जागा लागते, उपकरणे लागतात. तरीही त्यांनी हा खर्च केला, कारण आपली मुले कारकुनीवर थांबता कामा नयेत असे त्यांना वाटत होते. मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या किती घरांतला पहिला विज्ञान पदवीधर या महाविद्यालयांतून आला, हे तिथल्या लोकांना वेगळे सांगायला नको. याच मिलिंदमध्ये शिकलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात २००६-०७ साली दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या भेदभावाची चौकशी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते. साहांच्या पंगतीला शंभर वर्षे होत आली होती. तरी देशातल्या सर्वांत नामांकित वैद्यकीय संस्थेत दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना वसतिगृहात, मेसमध्ये आणि परीक्षेतही वेगळी वागणूक मिळते, असे त्या समितीला आढळले.

हे झाले विद्यार्थ्यांचे. शिक्षकांच्या आणि संशोधकांच्या भरतीत आणखी एक युक्ती आहे. राखीव जागेची जाहिरात येते, मुलाखती होतात आणि ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ असा शेरा मारून जागा रिकामी ठेवली जाते. हा शेरा मारणाऱ्याला कारण लिहावे लागत नाही. २०१९ च्या केंद्रीय शिक्षकभरती आरक्षण कायद्याच्या अनुसूचीत तर टाटा मूलभूत संशोधन संस्थेसारख्या काही संस्था आरक्षणातूनच वगळल्या आहेत. उत्कृष्टता आणि सामाजिक न्याय एकत्र नांदू शकत नाहीत, हे गृहीतक त्यामागे आहे. साहा आणि जानकी अम्मल यांची आयुष्ये माहीत असलेल्या देशाने हे गृहीतक मान्य करू नये.

आता अभियांत्रिकीकडे येतो. १९४३ साली मद्रासच्या गिंडी महाविद्यालयातून ए. ललिता विद्युत अभियंता झाल्या. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी वैधव्य, पदरात तान्ही मुलगी. वडील त्याच महाविद्यालयात प्राध्यापक होते, ते मागे उभे राहिले म्हणून हे घडले. पुढे भाक्रा-नांगल प्रकल्पाच्या विजेच्या कामातही त्यांचा हात होता. त्यांच्यासारख्या हजारो मुलींना मात्र स्वातंत्र्यानंतरही कायद्यानेच अडवले. १९४८ च्या कारखाने कायद्याने स्त्रियांना संध्याकाळी सातनंतर कारखान्यात काम करायला बंदी घातली. हेतू संरक्षणाचा होता. पण तिन्ही पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यात रात्रपाळी करू न शकणारा अभियंता कोण घेईल? १९५२ च्या खाण कायद्याने भूमिगत खाणीत स्त्रियांना मज्जाव केला, तो २०१९ पर्यंत टिकला. म्हणून खाण अभियांत्रिकीच्या शिक्षणाचे दारही मुलींना दीर्घकाळ बंद राहिले.

१९७४ साली पुण्याच्या टेल्को कारखान्याच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे छापलेले होते. सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, तेव्हा बंगळूरला शिकत होत्या. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले आणि त्यांना मुलाखतीला बोलावणे आले. हा प्रसंग आपण सगळे अभिमानाने सांगतो, आणि तो सांगावाच. पण ती जाहिरात वाचून त्या वर्षी इतर किती जणी गप्प बसल्या असतील? न्याय मिळण्यासाठी थेट सर्वोच्च माणसाला पत्र लिहिण्याचे धाडस लागत असेल तर ती व्यवस्था चांगली म्हणता येत नाही.

नियम बदलला की चित्र किती झपाट्याने बदलते, हेही पाहू. आयआयटींमध्ये २०१७ पर्यंत शंभरात आठ-नऊ मुली असत. २०१८ पासून मुलींसाठी वाढीव जागा ठेवल्या गेल्या, कोणाचीही जागा न काढता. आधी १४ टक्के, मग १७ आणि २०२० साली २० टक्के. प्रवेश परीक्षा तीच, पात्रतेची यादी तीच. तीन वर्षांत मुलींचे प्रमाण दुपटीच्या वर गेले आणि गुणवत्ता बुडाली नाही. मुली हुशार नाहीत म्हणून त्या तिथे नव्हत्या असे नाही. कोचिंगसाठी मुलाला कोट्याला पाठवायचे आणि मुलीला गावातल्या महाविद्यालयात घालायचे, असा निर्णय घराघरांत होत होता. त्याच्याही खूप आधी, १९९१ साली, महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने पुण्यात मुलींसाठी कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय काढले ते हेच ओळखून.

तरीही आकडे सांगतात की गळती पुढे होते. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांत आपल्याकडे मुली चाळीस टक्क्यांच्या वर आहेत. ही गोष्ट जगात कौतुकाने सांगितली जाते. प्रत्यक्ष संशोधन आणि विकासाच्या कामात मात्र स्त्रिया वीस टक्केही नाहीत. १९५८ पासून २०२२ पर्यंत दिल्या गेलेल्या भटनागर पुरस्काराच्या साडेपाचशेहून अधिक मानकऱ्यांत स्त्रिया जेमतेम विसाच्या आसपास. भौतिकशास्त्रात हा पुरस्कार पहिल्यांदा एका स्त्रीला मिळाला तो २०१८ साली, अदिती सेन डे यांना. १९३५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीला पहिली स्त्री अध्यक्ष, चंद्रिमा शाहा, मिळायला २०२० उजाडले.

या गळतीचे कारण विचारले की ठरलेले उत्तर येते: लग्न, मुले, संसार. पुण्याच्या रोहिणी गोडबोले यांनी या उत्तराला आयुष्यभर आव्हान दिले. मूलकणांच्या भौतिकशास्त्रात जागतिक कीर्ती मिळवलेल्या या बाई २०२४ साली गेल्या. राम रामस्वामी यांच्याबरोबर त्यांनी २००८ साली भारतातल्या स्त्री वैज्ञानिकांच्या आत्मकथनांचे ‘लीलावतीज डॉटर्स’ हे पुस्तक संपादित केले. २०१० साली त्यांनी सहकाऱ्यांसह पीएच.डी. झालेल्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. संसार हे एकच कारण पुरेसे नाही, नोकरीची संधीच न मिळणे हेही मोठे कारण आहे, असा त्याचा रोख होता. नेमणुकीची वयोमर्यादा नेमकी बाळंतपणाच्या वर्षांवर येते. नवरा-बायको दोघांना एकाच संस्थेत घ्यायचे नाही, असा अलिखित नियम असतो. पाळणाघर नसते. साइटवर साधे स्वच्छतागृह नसते. यातले काहीही निसर्गाने घडवलेले नाही. हे सगळे माणसांनी ठरवले आहे आणि माणसांना बदलता येईल.

कोणी विचारेल, एवढा आटापिटा कशासाठी? न्यायासाठी, हे पहिले उत्तर. दुसरे उत्तर विज्ञानाच्याच हिताचे आहे. वैज्ञानिक कोणते प्रश्न विचारतो हे तो कुठून आला यावरही ठरते. कमलाबाईंनी नीरा आणि पेजेचा अभ्यास केला, कारण गरोदर गरीब बाईच्या ताटात काय पडते हा त्यांना विज्ञानाचा प्रश्न वाटला. पूर्व बंगालच्या पुरात लहानपण गेलेल्या साहांनी ताऱ्यांइतकीच नद्यांची चिंता वाहिली आणि दामोदर खोऱ्याच्या नियोजनाचा पाठपुरावा केला. हे प्रश्न विचारणारी माणसे आत आलीच नाहीत तर ते प्रश्न विचारलेच जाणार नाहीत, आणि त्याची किंमत सगळा देश मोजेल.

म्हणून या सभागृहात बसलेल्या प्राचार्यांना, संस्थाचालकांना, उद्योजकांना आणि पालकांना माझ्या काही मागण्या आहेत. प्रत्येक संस्थेने दरवर्षी एक साधा तक्ता जाहीर करावा: किती स्त्रियांनी, किती दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त उमेदवारांनी अर्ज केले, किती मुलाखतीला आले, किती नेमले गेले, किती जणांना बढती मिळाली. निवड समितीने उमेदवार नाकारला तर कारण लेखी द्यावे. वयाऐवजी संशोधनाची वर्षे मोजावीत, म्हणजे बाळंतपणाची आणि आजारपणाच्या शुश्रूषेची वर्षे कोणाच्या विरुद्ध जाणार नाहीत. पाळणाघर, रात्रीची वाहतूक आणि स्वच्छतागृह या गोष्टी सवलत म्हणून देऊ नयेत. यंत्रसामग्रीच्या खर्चातच त्या धराव्यात. लैंगिक छळाच्या तक्रारींची समिती आणि अनुसूचित जाती-जमाती कक्ष यांना स्वतंत्र अधिकार द्यावेत, नावापुरते ठेवू नयेत. आणि वसतिगृहात, मेसमध्ये, प्रयोगशाळेत कोणाला वेगळे बसवले जात असेल तर ते खपवून घेऊ नये.

पालकांना एवढेच सांगतो: मुलाच्या शिक्षणासाठी जेवढे कर्ज काढाल तेवढेच मुलीसाठी काढा, आणि तिच्या नोकरीचे गाव दूर आहे म्हणून तिला अडवू नका. सासरच्यांना आणि नवऱ्यांना सांगतो: घरातले काम वाटून घेणे हा उपकार नव्हे, ते तुमचेही काम आहे.

आणि विद्यार्थिनींनो, पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्यांनो, तुम्हाला शेवटचे सांगणे. तुमच्या मागच्यांनी प्रवेश मिळवताना अर्धे आयुष्य खर्च केले. आत आल्यावर जे मिळायला हवे ते मागा. बढती मागा, निधी मागा, प्रबंधावर आणि पेटंटवर स्वतःचे नाव मागा, आणि नाकारले तर कारण लेखी मागा. मिळाले की शेजारच्या मुलीलाही, शेजारच्या मुलालाही ते मिळेल याची काळजी घ्या. ही लढाई एकेकट्याने पुष्कळ लढून झाली. यापुढे ती सगळ्यांनी मिळून लढू या.